शरयूमावशी आणि टाउनची हद्द

शरयूमावशी रागावल्या की मराठी सोडून इंग्रजीत शिरायच्या, आणि ते इंग्रजी तुमच्या-आमच्यासारखं नव्हे, लिंकनशायरच्या खेड्यातलं. समोर मेयर असो की किराणा दुकानातला पोरगा, त्याला त्या ‘डक’ म्हणत. म्हणजे बदक. इंग्लंडच्या त्या भागात सगळे सगळ्यांना प्रेमाने असंच म्हणतात म्हणे. नॉर्थ कॅरोलिनातल्या माणसाला साडीतल्या बाईने बदक म्हटलं की तो आधी हसायचा, मग गोंधळायचा, आणि तोवर मावशींचं म्हणणं सांगून झालेलं असायचं.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही कॅरी शहराच्या पलीकडे, एका लहानशा टाउनला चिकटून नव्याने बांधलेल्या कॉलनीत राहत होतो. टाउनचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि काही सोडली तर आमच्याशी बरी वागली. कॉलनीत मराठी घरं चार. नवरे सकाळी गाड्या काढून रिसर्च पार्ककडे जायचे, मागे उरायचो आम्ही बायका, मुलं आणि शरयूमावशी. आमच्या शेजारच्या प्रकाश गद्रेची ही आई. वय पासष्टीच्या आसपास, बुटक्या, अंगाने भरलेल्या, पाचवारी साडी घोट्याच्या वर खोचलेली आणि पायात गुडघ्यापर्यंत येणारे हिरवे रबरी बूट. पाऊस असो नसो, बूट ठरलेले. मी नागपूरची, मला उन्हाचं कौतुक नाही, पण ऑगस्टमध्ये ते बूट बघून माझ्या पायांना घाम फुटायचा.

“मावशी, काढा ना हो ते.”

“कशाला? गटार बघायला चपला घालून जात नसतात.”

“इथे कुठे आलंय गटार?”

“असतंय कुठंतरी. तू बघितलं नाहीस अजून.”

मावशी मूळच्या साताऱ्याच्या. यजमान डॉक्टर. लग्नानंतर दोघं इंग्लंडला गेले ते लंडनबिंडनला नाही, थेट बटाट्याच्या आणि बीटाच्या शेतांमधल्या एका खेड्यात. डॉक्टरांना सगळं गाव ओळखायचं आणि मावशी घरात बसून स्वेटर विणायच्या. फार दिवस नाही विणले. गावाच्या टोकाला शेतमजुरांच्या घरांची एक रांग होती. तिथे साठ सालानंतरही संडासाच्या बादल्या होत्या आणि घरांमागून एक उघडा नाला वाहायचा. डॉक्टर संध्याकाळी येऊन सांगायचे, त्याच घरातली तीच मुलं पुन्हा आजारी. एक दिवस चिडून म्हणाले, “शरयू, त्या पोरांना औषध नको, गटार पाहिजे.” मावशींनी विचारलं, “मग गटार कोण देतं?”

ते द्यायची रूरल डिस्ट्रिक्ट कौन्सिल. आपल्याकडची पंचायत समिती समजा. झालं, मावशींनी सुया खाली ठेवल्या आणि निवडणुकीला उभ्या राहिल्या. हातात भारताचा पासपोर्ट. पण कॉमनवेल्थमधून आलेल्या माणसाला तिकडे मतही देता यायचं आणि उभंही राहता यायचं, त्यामुळे कुणी अडवलं नाही. मावशींनाही त्यात नवल वाटलं नाही. जिथे राहतो तिथे मत असणारच, हे त्यांनी हवेपाण्यासारखं गृहीत धरलं होतं. सायकलवर घरोघर फिरल्या आणि निवडून आल्या. कौन्सिलात बाकी सगळे पुरुष, बरेचसे जमीनदार, आणि अध्यक्ष त्या सगळ्यांत मोठा जमीनदार.

पहिल्याच सभेत मावशींनी नाल्याचा विषय काढला. अध्यक्ष गोड हसून म्हणाले, मिसेस गद्रे, हा काही स्त्रियांनी बोलण्याचा विषय नाही. मावशी म्हणाल्या, बरं, बोलत नाही, दाखवते. आणि आरोग्य समितीला नाला बघायला घेऊन गेल्या. समितीला वाटलं, घरांच्या मागे उभं राहायचं, नाकाला रुमाल लावायचा आणि परतायचं. मावशी कसल्या सोडतात! साडी खोचली, बूट चढवले आणि नाल्यात उतरून उलट्या दिशेने चालायला लागल्या. “घाण कुठनं येतीय ते बघू की!” मागे समिती, चिखलात फचक फचक करत. शेताच्या बांधाबांधाने चालता चालता नाला एका मोठ्या दगडी भिंतीपाशी पोचला. भिंतीतून एक नळकांडं बाहेर आलेलं. भिंत अध्यक्षांच्या बंगल्याची होती.

“मग अध्यक्ष काय म्हणाले?” मी हसता हसता विचारलं.

“काय म्हणतोय! पुढच्या सभेला स्वतःच ठराव आणला.” मावशींनी रताळ्याचं साल एका फटक्यात काढलं. “माणूस वाईट नव्हता. नाल्यात कधी उतरला नव्हता, एवढंच.”

कौन्सिलबद्दल त्या असं बोलायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई माहेरच्या गोष्टी सांगतायत. अठराशे चौऱ्याण्णव सालचा कायदा त्यांना तोंडपाठ. त्याआधी इंग्लंडातल्या खेड्याचा कारभार जमीनदार आणि पाद्री या दोघांच्या खिशात. मग हा कायदा आला आणि शेतमजूरही निवडून येऊ लागला, बाई आली, लग्न झालेली बाईसुद्धा. “आणि कौन्सिलनं करायचं काय, तर विहीर साफ आहे का बघायचं, गटार बांधायचं, पडकी घरं पाडून नवी उभी करायची. राजाराणी नाही, लढाई नाही. गटार! म्हणून इतिहासाच्या पुस्तकात कुणी लिहीत नाही,” असं म्हणून त्या माझ्याकडे अशा बघायच्या जसं काही ती पुस्तकं मीच लिहिली होती.

मग चौऱ्याहत्तर साली लंडनच्या सरकारने सगळ्या रूरल कौन्सिली एका फटक्यात मोडून मोठे मोठे जिल्हे केले. मावशींची कौन्सिलही त्यात गेली. पाणी आणि सांडपाणी तर पार दूरच्या कुठल्याशा प्राधिकरणाकडे गेलं, ज्यात गावाने निवडून दिलेलं कुणी नाही. शेवटच्या सभेला केक आणला होता, वर कौन्सिलचं बोधचिन्ह काढलेलं. सगळे शेरीचे ग्लास घेऊन उभे, आणि एकमेव बाई म्हणून केक कापायचा मान मावशींना. मावशींनी सुरी घेतली नाही. “मयताला आलेय मी,” त्या म्हणाल्या, “वाढदिवसाला नाही.” आणि कुणी न सांगता अध्यक्षांच्या, त्याच नाल्यावाल्या अध्यक्षांच्या, डोळ्यांत पाणी आलं. पुढे मावशींनी ब्रिटिश पासपोर्ट घेतला, मग डॉक्टर गेले, गावात मन लागेना, आणि प्रकाशने त्यांना अमेरिकेत आणलं.

तर अशी बाई घरात आल्यावर घराचं काय होतं? घराची कौन्सिल होते. प्रकाशच्या घरी प्रत्येक गोष्टीचा रीतसर प्रस्ताव मांडला जायचा. सकाळी ओट्यावर लाटणं आपटून मावशी म्हणायच्या, “आज भरली वांगी करावीत, असा माझा प्रस्ताव आहे. अनुमोदन कोण देतं?” प्रकाश पेपरात तोंड घालून बसायचा. सून नीला, एका औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट, अगदी मितभाषी, ती “बघा, तुम्हाला हवं ते” म्हणायची. हे अनुमोदन नव्हे. अनुमोदन नाही म्हणजे प्रस्ताव पडला, चर्चासुद्धा नाही. आणि गंमत अशी की मावशी तो निकाल इमानदारीत पाळायच्या. वांगी परत फ्रिजमध्ये जायची आणि त्या मुकाट्याने मुगाची खिचडी टाकायच्या.

महाराष्ट्र मंडळातही तेच. आमचे अध्यक्ष एक मोठे डॉक्टर, वर्षानुवर्षं तेच, निवडणूक वगैरे भानगडच नाही. गणपतीच्या तयारीला सगळे जमले असताना मावशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मंडळाची दरवर्षी निवडणूक व्हावी.” सगळ्यांच्या मनात तेच होतं, पण डॉक्टरांशी वाईटपणा कोण घेणार? “अनुमोदन?” मावशींनी चारी बाजूंना बघितलं. माझ्या नवऱ्याने, सुहासने, माझा हात घट्ट धरून ठेवला. “नाही? बरं.” त्या खाली बसल्या आणि पुढच्या क्षणी विळीवर नारळ खोवायला लागल्या. चेहऱ्यावर रुसवा नाही की फुगवा नाही. मला भयंकर राग आला होता, डॉक्टरांचा, सुहासचा, सगळ्यांचाच. मी म्हटलं, “मावशी, तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?” तर म्हणाल्या, “वाटतंय की. पण माझ्या बाजूनं दुसरं माणूस उभं राहत नाही तोवर तो माझा हट्ट असतो गं, गावाचं काम नसतं.”

प्रकाशच्या कुंपणापलीकडे डांबरी रस्ता संपायचा आणि लाल मातीचा सुरू व्हायचा. त्या रस्त्यावर सहा जुनी लाकडी घरं होती, काळ्या लोकांची. गुलामी संपल्यानंतर त्यांच्या पणजोबांनी घेतलेली ती जमीन. टाउन तेव्हा इथवर पोचलंही नव्हतं. पहिलं घर मिस अर्नेस्टीनचं. त्या शाळेत स्वयंपाकीण होत्या, आता निवृत्त, मावशींच्याच वयाच्या, काठीसारख्या ताठ. दोघींची ओळख कुंपणावरच झाली. मिस अर्नेस्टीननी कॉलर्डची, म्हणजे कोबीच्या जातीतल्या पालेभाजीची, पानं दिली, मावशींनी त्यात हरभऱ्याची डाळ आणि दाण्याचं कूट घालून भाजी केली आणि वाटीभर परत दिली. मिस अर्नेस्टीननी चव घेऊन सांगितलं, “वाईट नाहीये. पण पानांचं काय केलंस, शारू?” तेव्हापासून मावशी शारू झाल्या.

मग तो कोरडा उन्हाळा आला. कॉलनीतल्या आम्हा सगळ्यांना बिल्डरच्या खोल बोअरचं पाणी होतं. सहा घरांना मात्र आपापल्या जुन्या विहिरी. त्या आटायला लागल्या. पंप लावला की लाल गढूळ पाणी यायचं. मिस अर्नेस्टीन धाकट्या भावाच्या गाडीतून चर्चमधून पिंपं भरून आणायच्या. त्याच सुमारास टाउनने हद्द वाढवायचं ठरवलं. आमच्या कॉलनीला टाउनचं पाणी, टाउनचे पोलीस, टाउनचा कचरेवाला, सगळं मिळणार. नकाशा छापून आला. त्यावरची जाड रेघ कॉलनीला वळसा घालून प्रकाशच्या कुंपणाशी येऊन थांबली होती. सहा घरं बाहेर.

मावशींनी त्या रेघेवरून शेवटपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “आलं बघ गटार.”

टाउन हॉलमध्ये जाहीर सुनावणी झाली. गाडी मी चालवत नेली. मावशींनी चांगली इरकली नेसली होती, खाली बूट. मिस अर्नेस्टीन चर्चची निळी हॅट घालून मागच्या रांगेत बसल्या. प्रकाश आणि नीला दाराजवळ. प्लॅनिंगच्या माणसाने सांगितलं की पलीकडची घरं विरळ आहेत, नियमात बसत नाहीत, पाइप टाकणं परवडत नाही. मग लोकांना बोलायला सांगितलं.

“ही रेघ कुणी काढली?” मावशींनी विचारलं.

“स्टाफने काढली, मॅडम.”

“स्टाफला नाव असेल ना, डक?”

लोक हसले. मावशी नाही हसल्या. “तुमची रेघ माझ्या मुलाच्या कुंपणाशी थांबते. ते कुंपण त्यानं मागच्या वर्षी घातलं, कुत्री येतात म्हणून. मग टाउनची हद्द माझ्या मुलानं ठरवली की कुत्र्यांनी?”

मिस अर्नेस्टीन उठल्या आणि एवढंच म्हणाल्या, “आमच्या नळाला चिखल येतो. ह्या टाउनमधल्या निम्म्या लोकांना मी शाळेत जेवू घातलंय. मला अजून काय सांगायचं ते कळत नाही.”

टाउनच्या बोर्डात, म्हणजे तिथल्या कौन्सिलात, हार्डवेअरचं दुकान असलेला एक म्हातारा होता. तो खाकरला आणि म्हणाला, रेघ पुढे सरकवून ती सहा घरं आत घ्यावीत असा माझा प्रस्ताव आहे. मेयरने विचारलं, “सेकंड?” म्हणजे अनुमोदन कोण देतं, आणि कुणीच काही बोलेना. एकजण पेन बघत होता, एकजण घड्याळ. त्यातल्या दोघांनी मिस अर्नेस्टीनच्या हातचं खाल्लेलं असणार, माझी खात्री आहे. मेयरने पुन्हा विचारलं आणि मावशी ताडकन उभ्या राहिल्या.

“आय सेकंड इट!”

“मॅडम, तुम्ही बोर्डाच्या सभासद नाही आहात.”

“माहीत आहे मला! पण इथं कुणीतरी उठायला नको का?”

प्रस्ताव पडला. नारळ खोवत बसणारी बाई भर सभेत नियम मोडून ओरडली होती. बाहेर पार्किंगमध्ये प्रकाश रडकुंडीला आलेला. “आई, कशाला हे सगळं? आपण इथे पाहुणे आहोत गं.”

“पाहुणी असते तर चहा पिऊन गेले असते,” मावशी म्हणाल्या. “मी राहते इथं.”

गाडीत बसल्यावर माझ्याशी बोलल्या ते वेगळं. “विरोधात मतं पडली असती ना, तर मी मान खाली घालून घरी आले असते. हरण्याची सवय आहे मला. पण त्यांनी मतच पडू दिलं नाही गं. गप्प बसून मारलं.”

आम्ही टाउनच्या हद्दीत आलो, आणि पुढच्या निवडणुकीची वेळ आली तशा मावशी एक दिवस सकाळीच माझ्या दारात. “चल. उभी राहणार आहे मी.” मला आधी कळेचना. मग कळलं आणि मी खूश! कौन्सिलवर आमच्या मावशी, म्हणजे काय! निवडणूक कचेरीत एक गोड मुलगी होती. तिने पेन पुढे करत सहज विचारलं, “तुम्ही नागरिक आहात ना?”

“आहे ना. ब्रिटिश.”

“नाही, अमेरिकेच्या?”

“मी इथं राहते,” मावशींनी समजावून सांगितलं. “चार वर्षं झाली.”

त्या मुलीचा चेहरा पडला. आय ॲम सो सॉरी, मॅम, ती म्हणाली. उभं राहणं सोडाच, तुम्हाला मतही देता येणार नाही. मावशी माझ्याकडे वळल्या. मला हे माहीत होतं का? होतं. चारी मराठी घरांना, अख्ख्या मंडळाला माहीत होतं. ग्रीन कार्डाला मत नसतं हे आमच्या पोरांनाही ठाऊक. साताऱ्याहून सरळ अमेरिकेत आल्या असत्या तर त्यांनाही कळलं असतं. पण त्या इंग्लंडमार्गे आल्या होत्या, आणि मी मूर्ख, मला वाटलं एवढ्या आत्मविश्वासाने निघाल्यात म्हणजे नागरिकत्व घेतलेलं असणार. परत येताना सिग्नलला थांबलो तेव्हा मावशी सुटल्या. “कर घेतात आणि मत देत नाहीत, म्हणून ह्यांच्या पूर्वजांनी इंग्रजांचा चहा समुद्रात टाकला ना? मग मी काय टाकू?”

“मावशी, अजून एखादं वर्ष थांबा, मग नागरिकत्वाचा अर्ज करता येईल.”

“मी थांबेन गं. अर्नेस्टीनची विहीर थांबणार आहे का?”

त्याच महिन्यात कॉलनीत टाउनचं पाणी सुरू झालं. प्रत्येक घरापुढे रस्त्याकडेला लोखंडी झाकणाचा मीटर बसला. आणि मावशींनी हार्डवेअरच्या दुकानातून, त्याच म्हाताऱ्याकडून, बागेच्या पाण्याच्या पाइपची भेंडोळी आणली. ती एकमेकांना जोडली, एक टोक प्रकाशच्या अंगणातल्या नळाला लावलं, दुसरं कुंपणाखालून मिस अर्नेस्टीनच्या पिंपात सोडलं. मिस अर्नेस्टीन पायरीवर हाताची घडी घालून उभ्या.

“शारू, मी कुणाचा धर्मादाय घेत नाही.”

“धर्मादाय कुठला आलाय! कौन्सिलचं काम आहे हे.”

“कुठली कौन्सिल?”

“माझी. तू पण आहेस तिच्यात. आता पिंपावर झाकण कोण ठेवणार, तू का मी?”

बाकीची पाच घरंही त्या पिंपावर बादल्या भरायला लागली. महिनाभराने टाउनची नोटीस आली: हद्दीबाहेर पाणी देणं बेकायदा आहे, पाइप काढा, नाहीतर तुमचं कनेक्शन तोडू. प्रकाशने नोटीस स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. मी तिथे होते, मुलीला न्यायला गेले होते आणि अडकले. प्रकाश बिचारा वाईट नव्हता हो, घाबरट होता. “आई, उद्या आपलंच पाणी तोडलं तर? घरात लहान मूल आहे. ऑफिसात कळलं तर लोक काय म्हणतील?”

मावशींनी लाटणं उचललं. आपटलं नाही, हळूच ओट्यावर ठेवलं. “घर तुझं आहे. म्हणून रीतसर विचारते. पाइप राहावा, असा माझा प्रस्ताव आहे. अनुमोदन कोण देतं?”

आता नीट ऐका. ह्या घरात अनुमोदन नाही म्हणजे प्रस्ताव पडला, हा मावशींचाच नियम. कुणी बोललं नसतं तर त्या बाईने स्वतः जाऊन, स्वतःच्या हाताने पाइप काढला असता. मला पक्कं माहीत आहे. त्यांनाही माहीत होतं, आणि म्हणून त्या लाटणं सोडत नव्हत्या. प्रकाश खिडकीबाहेर बघत होता. मला तोंड उघडायचं होतं, पण मी त्या घरची नव्हते.

“माझं अनुमोदन,” सिंककडून आवाज आला.

नीला. भांडी विसळत होती, वळलीसुद्धा नाही. प्रकाश म्हणाला, “नीला, तुला कळतंय का तू काय म्हणतेयस?” तेव्हा ती वळली. हात ओले, पदर नाही की काही नाही, फार्मसीचा पांढरा कोट अंगावरच. “यवतमाळला आमच्या गल्लीत टँकर यायचा. हंडे घेऊन रांगेत मी उभी राहिलेय, प्रकाश. तू नाही राहिलास.”

मतदान झालं. दोन विरुद्ध एक. मावशी खुर्चीवर बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. मला तर रडूच कोसळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ऑफिसच्या कपड्यातला प्रकाश कुंपणाशी वाकून पाइपचा गळका सांधा पान्याने आवळत होता. हरलेल्या बाजूनेही ठराव पाळायचा असतो, हे त्याच घरात शिकला होता ना तो.

पुढे वर्ष-दीड वर्षाने ती रेघ पुढे सरकली. हार्डवेअरवाल्या म्हाताऱ्याला बोर्डात अखेर अनुमोदन देणारा एक सोबती मिळाला आणि सहाही घरांत टाउनचं पाणी आलं, मावशींच्या देखत. मला ते नीलाने फोनवर सांगितलं. आम्ही तोवर सुहासच्या नोकरीमुळे ॲरिझोनाला, चँडलरला गेलो होतो. मावशी गेल्या तेव्हाही मी तिथेच होते. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आम्ही नॉर्थ कॅरोलिना सोडलं त्या सकाळी.

सामान भरून गाडी रस्त्यावर काढली तर प्रकाशच्या घरापुढे टाउनच्या पाणीखात्याचा ट्रक. एक तरुण माणूस हातात लांब लोखंडी चावी घेऊन उभा, मीटर बंद करायला आलेला. आणि मीटरच्या झाकणावर बागेतली घडीची खुर्ची, खुर्चीवर शरयूमावशी. शेजारी दुसरी खुर्ची टाकून मिस अर्नेस्टीन. त्या हद्दीच्या आत येऊन बसल्या होत्या. मागे नीला, कामावर न जाता.

“मॅम, प्लीज उठा. मला माझं काम करू द्या.”

“तुझं काम पाणी देण्याचं आहे, डक. ते चालू आहे.”

तो बिचारा लाल झाला. म्हणाला, मला वरिष्ठांना सांगावं लागेल की तुम्ही अडवलंत, नाव सांगा. मावशींनी नाव सांगितलं, वडिलांचं, नवऱ्याचं, आडनाव, एकेक अक्षर सावकाश. मिस अर्नेस्टीन म्हणाल्या, माझंही घे. नीलाने आपलं दिलं. सुहास हॉर्न वाजवत होता, लांबचा पल्ला होता, मुलगी मागून “आई, वी आर लेट!” म्हणून ओरडत होती. मी दार उघडून उतरले, ट्रकपाशी गेले आणि माझं नाव लिहायला लावलं. पत्ता विचारला त्याने. मी ट्रंका बांधलेल्या आमच्या गाडीकडे बोट दाखवलं.

त्याने आम्हा चौघींकडे बघितलं, कुंपणाखालून गेलेल्या पाइपकडे बघितलं. मग चावी ट्रकमध्ये टाकली आणि म्हणाला, “मला उद्या परत यावं लागेल, मॅम.”

“ये की,” मावशी म्हणाल्या, चक्क मराठीत, आणि मग त्याला समजावं म्हणून इंग्रजीत सांगितलं, “आम्ही इथंच बसलेल्या असू.”